बाबल, ती साक्ष राहिलीच

बाबल, तुझ्यावरचा माझा राग अजून गेलेला नाही, हे आधी सांगून टाकतो. मेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण मी तुझ्याबद्दल बोलत नाहीये, तुझ्याशी बोलतोय, आणि तुझ्याशी मी गोड बोललो होतो कधी? काल तुझं बारावं झालं. डिलाईल रोडच्या तुमच्या गावकऱ्यांच्या खोलीत माणूस मावत नव्हता. जो तो उठून सांगत होता, बाबल म्हणजे देवमाणूस, बाबलने कधी कोणाचं मन मोडलं नाही. मी भिंतीला टेकून ऐकत होतो आणि मनात म्हणत होतो, तेच तर वाटोळं झालं ना! जिथे मोडायला हवं होतं तिथेही याने मोडलं नाही.

आपली ओळख पलटणीतली. तू बंदूकवाला शिपाई, गिरणी सोडून भरतीला गेलेला मालवणी गडी. मी पलटणीच्या ऑफिसात टाइपरायटर बडवणारा क्लार्क, गिरगावात ठाकूरद्वारच्या चाळीत वाढलेला. एरवी आपली गाठ पडायचं काही कारण नव्हतं. पण सिंगापूर पडलं, सगळी फौज जपान्यांच्या हाती सापडली आणि आपल्याला बोटीत कोंबून त्या बेटावर नेलं, विमानांची धावपट्टी खणायला. तिथे शिपाई कोण नि क्लार्क कोण! मला हगवण लागली तेव्हा तू मला पाठुंगळी घेऊन ओढ्यावर न्यायचास आणि वर शिव्या द्यायचास, "मेल्या, नुसती हाडां रवली, तरी वजन काय कमी होणा नाय तुझा!" त्या शिव्यांवर मी जगलो रे. हे कधी तुझ्या तोंडावर बोललो नाही. आता बोलतो, आणि लगेच पुढच्या भांडणाला लागतो.

तिसरा आपला गुणाजी. तुझ्या गावचा, तुझ्याच वाडीतला, वयाने तुझ्याहून लहान, जिभेने मोठा. पोटात काही नसायचं तेव्हा तू तोंडी स्वयंपाक करायचास. बांगडे साफ करण्यापासून सुरुवात, वाटण, कोकम, सगळं साग्रसंगीत. आणि अगदी उतरवायची वेळ आली की गुणाजी ओरडायचा, "तिरफळां खय? तिरफळांशिवाय तिखला रांधतंस आणि सोताक मालवणी म्हणतंस?" मग तुमचं जुंपायचं. पलीकडच्या झोपडीतले पंजाबी धावत यायचे, काय झालं बघायला. आपण तिघं त्या मुलखात हसलोसुद्धा आहोत, हे आज कोणाला खरं वाटणार नाही.

आणि तो मुकादम, आपल्यावरचा जपानी पहारेकरी. खरं नाव आपल्याला पुढे खटल्यात कळलं, पण आपण त्याला मुकादमच म्हणायचो, कारण गिरणीतल्या मुकादमासारखा तो सारखा पाठीशी उभा असायचा. गुणाजीने भांडारातला एक डबा उचलला, आजाऱ्यांच्या झोपडीसाठी. मुकादमाने त्याला झोडपलं, ते मी पाहिलं. मग उन्हात खांबाला बांधलं, तेही पाहिलं. पुढचं मी पाहिलं नाही, मी त्याच आजाऱ्यांच्या झोपडीत पडलेलो होतो. पुढचं पाहिलंस ते तू एकट्याने. मुकादमाने पाण्याने भरलेली बादली तुझ्या हातात दिली आणि गुणाजीसमोर उभं केलं. त्याने पाणी मागितलं की ते त्याच्या देखत जमिनीवर ओतायचं आणि परत भरून आणायचं. पाजलंस तर दोघांना गोळी. "बाबल, थोडां दी रे," म्हणायचा तो, आणि तू ओतायचास. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने मागायचं थांबवलं. संध्याकाळी माझ्या शेजारी येऊन बसलास आणि हे सगळं एका दमात मला सांगितलंस. त्यानंतर तू कधीच तोंडी स्वयंपाक केला नाहीस.

लढाई संपल्यावर तू माझ्या आधी मुंबई गाठलीस. मी पुण्याला लष्करी इस्पितळात अडकलो होतो. तेवढ्यात तू तो घोळ करून बसलास. तू परत आलास हे कळताच गुणाजीची आई, भागीरथीकाकी, गावाहून आली. गावकऱ्यांच्या खोलीत सगळे जमले. तिथे कोनाड्यात तुमच्या ग्रामदेवतेची तसबीर, पुढे दिवा आणि गावाहून आलेला मानाचा नारळ. काकीने तो नारळ उचलून तुझ्या हातात दिला. "देवासमोर सांग, माझो झील कसो गेलो? तेका पाणी तरी गावला?" नारळ हातात असताना खोटं बोललं तर देव घराला लागतो, अशी तुमची पक्की समजूत. म्हाताऱ्या गावकाराने देवाला गाऱ्हाणं घातलं, सगळी खोली "व्हय म्हाराजा" म्हणाली आणि तू म्हणालास, "तापान गेलो, काकी. माझ्या मांडीर डोक्या ठेवन गेलो. पाणी मीच पाजलंय."

ऐकून मी तुला काय म्हणणार? त्या बाईच्या पुढ्यात मीही तेच बोललो असतो. एवढ्यावर थांबलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती.

पण थांबलं नाही. पुढल्याच पावसाळ्यात कुलाब्याच्या बराकीत एक गोरा मेजर आला, सुटून आलेल्या कैद्यांच्या जबान्या घ्यायला. मुकादम पकडला गेला होता. सिंगापुरात त्याच्यावर खटला उभा राहणार होता. मेजर मला नीट समजावून म्हणाला, लढाईत माणसं मरतात तो गुन्हा नाही, पण शरण आलेल्या कैद्याचे असे हाल करून मारणं हा गुन्हा आहे, आणि वरून हुकूम होता म्हणून कोणी सुटत नाही. मला आपलं वाटलं, जगात कुठेतरी कोणीतरी हे लिहून ठेवलंय बरं का! मी माझी जबानी दिली, मारहाणीची. मेजर म्हणाला, मारहाण ठीक, पण खुनाच्या आरोपासाठी पाहिलेला माणूस पाहिजे. मी म्हटलं, आहे ना. आणि तसाच ट्रामने थेट तुझ्याकडे आलो. परळ नाक्यावरच्या इराण्याकडे बसलो आपण. आठवतं?

तू चहा बशीत ओतलास आणि म्हणालास, "माका जमाचा नाय."

मला वाटलं तू घाबरलास. तसं नव्हतं. "मी नारळ हातात घेऊन सांगलंय, तो तापान गेलो. आता सायबाच्या पुस्तकार हात ठेवन दुसरां सांगू? एका तोंडान दोन शपथो कशो घेऊ?"

"अरे पण पहिली खोटी आहे ना!"

"शपथ ती शपथ."

"जबानी इंग्रजीत घेतील. इथे कोणाला कळणार आहे?"

"देवाक काय इंग्रजी येणा नाय?"

"येत असेल तर त्याला हेही कळतंय की तू खोटं बोललास!"

"ता माझा नि तेचा. तू मधी पडा नको."

मी हात टेकले. बरं, शपथ उतरवता येते, हे मला तूच सांगितलंस. गावी जायचं, देवळात पाच माणसं बसवायची, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि शपथ का उतरवायची ते सगळ्यांसमोर बोलायचं. सगळ्यांसमोर म्हणजे काकीसमोर. तिथेच घोडं पेंड खायचं. मी तुला म्हटलं, बाबल, म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो. असे मुकादम आज सुटले तर उद्याच्या लढाईत दुप्पट पैदा होतील. तू शांतपणे बशी खाली ठेवलीस. "हय म्हातारी जिती आसा, मनोहर. तिचा काय?"

मी कोर्टकचेरीतला माणूस, दिवसभर सॉलिसिटरच्या हाताखाली वाद टाइप करतो, पण चहाचे पैसे देऊन उठलो. उत्तरं पुढे घरी जाताना ट्राममध्ये सुचली, दहा सुचली. त्याचा काय उपयोग?

खटला झाला. माझी जबानी वाचली गेली. तू मला सांगितलेलं मी सांगितलं होतं, तेही वाचलं म्हणे, पण मुकादमाच्या वकिलाने उभं राहून विचारलं, हा साक्षीदार स्वतः तिथे होता का? संपलं. मारहाण शाबीत झाली, गुणाजीचा खून शाबीत झाला नाही. फासाऐवजी काही वर्षांचा तुरुंग. गुणाजी कागदोपत्री तापाने मेला तो मेलाच. निकाल मी तुला वाचून दाखवला तेव्हा तू फक्त विचारलंस, "तेका तुरुंगात पाणी देतत?" मला वाटलं टोमणा मारतोयस. आता वाटतं, खरंच विचारत होतास.

त्यानंतर आपण दर रविवारी भांडलो. तू गिरणीत परत लागलास, तुझं लग्न झालं, शेवंतीवहिनी आल्या, तुला मुलगी झाली, आणि आपण भांडत राहिलो. वहिनी म्हणायच्या, "तुमका दोघांक दुसरो विषय नाय काय?" नव्हताच. वहिनींची तुझ्याबद्दल एकच तक्रार. घरात बादली ठेवू देत नाही, खालच्या नळावरून पाणी आणायचं ते कळशीनेच. आणि दारात भैया येवो की पोस्टमन, आधी पाण्याचा तांब्या त्याच्या हातात. लोक म्हणायचे, काय माणुसकी आहे! मी काही बोलायचो नाही. इतका अक्कलशून्य मी नव्हतो.

तुझ्या बाजूनेही बोलतो, नाहीतर वर बसून म्हणशील, मी गेल्यावर एकतर्फी निकाल दिलान. तू म्हणायचास, कोर्ट कोणाचं? गोऱ्याचं. आपण लढलो कोणासाठी? गोऱ्यासाठी. स्वातंत्र्य आलं तर आपल्याला कोणी विचारलं का, कुठे होता, काय सोसलं? उलट चाळीतली पोरं म्हणायची, इंग्रजाचे नोकर. मग आपल्या गुणाजीचा निवाडा सिंगापुरात गोऱ्याने केला काय, न केला काय! हे म्हणणं अगदीच वेडगळ होतं असं मी आजही म्हणणार नाही. पण निवाडा वाईट लोकांच्या हातात आहे म्हणून साक्षच द्यायची नाही? मग निवाडा कधी होणार? इथेच आपली गाडी अडकायची, आणि अडकलेलीच राहिली.

मग संयुक्त महाराष्ट्राचं वारं सुटलं. तू नेहमी चार हात लांब राहणारा माणूस, पण त्यात सर्वस्वाने पडलास. लालबागला मोर्चा यायचा तेव्हा तू फुटपाथवर कळशी घेऊन उभा, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी पाजत. मी समोरून बघत होतो एकदा. एक माणूस ओंजळ धरून प्यायला आणि "अजून" म्हणाला, तू अजून ओतलंस. त्याचं पोट भरलं तरी तू ओततच होतास. अखेर त्याने हात काढून घेतला. त्या दिवशी मी तुझ्याशी भांडलो नाही, मुकाट घरी गेलो.

पण गोळीबार झाला, माणसं मेली, आणि तू सभेत उठून "चौकशी झालीच पाहिजे!" म्हणून घसा फोडायला लागलास, तेव्हा माझं डोकं फिरलं. सभा संपल्यावर तुला गाठून म्हटलं, वा रे वा! इथे चौकशी पाहिजे, साक्षी पाहिजेत, न्यायाधीश पाहिजे. आणि गुणाजीच्या वेळी काय झालं होतं? तू म्हणालास, "हय साक्षी शेकड्यान आसत. इचारता कोण?" खरंच विचारलं नाही कोणी. सरकारने चौकशी नाकारली ती नाकारली. मी चडफडत म्हटलं, तरी साक्षीदार उभा तर राहिला ना! त्याने तोंड तर उघडलं! तू माझ्याकडे बघितलंस आणि खिशातून तंबाखू काढलास. असा राग येतो म्हणून सांगू!

आणि मग ती बातमी. आतल्या पानात, दोन बोटांएवढी. जपानी युद्धगुन्हेगार, शिक्षा पुरी व्हायच्या आत सोडले. आता दोन्हीकडे व्यापाराचं गोड चाललंय, जुनी मढी कोण उकरणार? त्यात आपला मुकादमही असणार. मी वर्तमानपत्र घेऊन परळच्या इस्पितळात तुझ्याकडे आलो. तुझी छाती तेव्हाच कापसाने आणि त्या बेटाने पोखरली होती, मला दिसत होतं, पण मला धीर कुठला! मी खाटेशी उभा राहून बातमी वाचली. फासावर गेला असता तर सुटला असता का, विचारलं. मग मी जे कधी बोललो नव्हतो ते बोललो. म्हटलं, बाबल, शपथ-बिपथ काही नाही. तुला त्या बादलीची लाज वाटते. कोर्टात उभं राहून 'पाणी मी ओतलं' म्हणायची लाज वाटते.

तू उठून बसायचा प्रयत्न केलास. "वाटता. माका वाटूक नको? तुका वाटली नसती?"

वहिनी भात घेऊन आल्या, मी उठलो. "येतो," म्हटलं. तू हात वर केलास. त्यानंतर तू बोलण्याच्या स्थितीत नव्हतास. लाज मुकादमाची होती रे, तुझी नव्हती. मारणारा आपला मारतो आणि लाज दुसऱ्याच्या पदरात टाकून जातो, हाच तर त्या हालांचा खरा कावा. कोर्टात हेच सांगायचं होतं आपल्याला. हे मला इस्पितळाच्या जिन्यात कळलं, आणि मी परत वर चढलो नाही. उद्या येऊन सांगू म्हटलं.

आता कालचं ऐक. पानं उठली, माणसं पांगली. भागीरथीकाकी गॅलरीत पाटावर बसली होती. ती हल्ली पुतण्याकडे इथेच असते, तुला माहीत आहे, डोळ्यांना कमी दिसतं पण कान शाबूत. तिने मला हाक मारली. "मनोहरा, हय बस. तो गेलो. आता तेका शपथ आडवी येवची नाय. खरां सांग."

मी म्हटलं, काय खरं, काकी?

"नारळ हातात घेतल्यान आणि डोळे मिटल्यान. पाणी पाजलेल्या माणसाक डोळे मिटूचे लागणत नाय. माका तेवाच कळला. म्हटला, पोर खोटा बोलता तां माझ्यासाठी बोलता. जगांदे तेका. म्हणान गप रवलंय."

मी सांगितलं, बाबल. रागव हवं तर. सगळं सांगितलं, डबा, खांब, ऊन. बादलीपाशी येऊन थांबलो, पण तिने "पुढे?" म्हटलं, म्हणून तेही सांगितलं. ती रडली नाही. पदर तोंडाशी धरून बसली. मग मला वाटलं, अर्धवट कशाला, म्हणून मेजरचं सांगितलं, खटल्याचं सांगितलं, तू साक्षीला का गेला नाहीस तेही सांगितलं.

तेव्हा तिने झटकन मान वर केली. "कोर्ट झाला? माझ्या गुणाजीचा कोर्ट झाला? कदी?"

म्हटलं, तेव्हाच. तुम्हाला त्रास नको म्हणून तो गेला नाही.

"माझ्यासाठी?" असा आवाज मी त्या बाईच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "माका इचारल्यात काय तुमी दोघांनी? मी तेका हाताक धरून धाडला असता! बादली तेच्याच हातात होती म्हणान तर तोच जावक होयो होतो. दुसरो कोण सांगतलो?"

ऐकलंस? मी बारा वर्षं तुझ्याशी वाद घातला, कायदा सांगितला, म्हणी सांगितल्या, आणि तिला एका वाक्यात जमलं. आणि तिलाच आपण विचारलं नव्हतं. तू तिचं मन जपत राहिलास, मी तुझ्यावर चिडत राहिलो. मला हसावं की कपाळ बडवून घ्यावं कळेना. एकीकडे वाटलं, बरं झालं तू हे ऐकायला नाहीस. दुसरीकडे वाटलं, तू हे ऐकायला असायला हवा होतास, निदान तुझी बोलती बंद झालेली मला बघायची होती.

पण खरी फजिती पुढेच आहे. काकी भिंतीला धरून उठली. लुगड्याचा पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतलान, पुतण्याच्या बायकोला चपला आणायला सांगितलंन. आणि माझा दंड पकडून म्हणाली, "चल. खय आसा तां कोर्ट? तुका वाट माहीत आसा. मी सांगतंय तेंका, माझ्या झिलाक पाणी देवक नाय म्हणान."

ते कोर्ट उठून दहा वर्षं झाली, बाबल. आणि चपला घालून दारात उभ्या असलेल्या त्या बाईला हे सांगायचं काम तू माझ्यावर टाकून गेलास.